कॅसेट लावण्याआधी टेपरेकॉर्डर उघडा

माळ्यावर जुना टेपरेकॉर्डर सापडतो, सोबत आजीच्या आवाजातल्या ओव्यांची कॅसेट. ती लगेच लावून पाहण्याचा मोह आधी आवरा. यंत्र मुळीच न चालणे परवडते. अर्धवट चालणे महागात पडते.

कॅसेटमधली फीत पोलादी दांडी आणि तिला टेकलेले रबरी चाक यांच्यामध्ये धरली जाऊन सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर वेगाने सरकते. पुढे आलेली फीत गुंडाळून घेणे हे दुसऱ्या रिळाचे काम. ते रीळ सहसा रबरी पट्ट्याच्या जोरावर फिरते. वर्षानुवर्षे पडून पट्टा सैल होतो. काही पट्टे हवेतल्या दमटपणाने अक्षरशः डांबरासारखे वितळतात. मग रीळ थांबते, दांडी मात्र फीत ओढत राहते आणि केसाहून पातळ असलेली ती फीत चाकाभोवती गुरफटते. आजीचा आवाज चुरगळतो तो असा.

म्हणून आधी प्लग आणि सेल काढा, मगच झाकण उघडा. विजेची तार जिथे आत येते, त्या ट्रान्सफॉर्मरच्या भागाला हात लावू नका. तो मेकॅनिकचा प्रांत. पट्टा मात्र घरी बदलता येतो. जुन्याची लांबी आणि जाडी मोजून नवा आणा. वितळलेला चिकटा आणि हेडवर बसलेली तपकिरी पूड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसा. ही पूड म्हणजे फितीवरून झडलेले लोह ऑक्साइड. आवाज दबका येण्यामागे पुष्कळदा तेच असते. सॅनिटायझर वापरू नका, त्यातल्या ग्लिसरीनचा थर मागे राहतो. अल्कोहोल पेट घेते, तेव्हा खिडकी उघडी आणि गॅस बंद. हेडशेजारचा छोटा स्क्रू पिळायचा मोह अनेकांना होतो. तो हेडचा कोन ठरवतो, त्याला उगाच छेडू नका.

पहिली चाचणी टाकाऊ कॅसेटवर, निदान अर्धा तास. मोलाच्या कॅसेटच्या वरच्या कडेची दोन्ही प्लास्टिकची पाती मोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचे बटण दाबले तरी मूळ आवाज पुसला जाणार नाही. ती नीट वाजली की त्याच बैठकीत हेडफोनच्या छिद्रातून संगणकावर उतरवून घ्या.

कॅसेटच्या खिडकीतून फितीच्या कडेला पांढरा, कापसासारखा थर दिसला तर ती बुरशी. अशी कॅसेट लावू नका. बुरशीचे कण हेडवरून पुढच्या कॅसेटला लागतात. घरात कुणाला दमा असेल, तर तिची पेटीसुद्धा त्याने उघडू नये.