केबिनमधील गारवा आणि बाहेरचा धूर

वैशाखातील दुपार. श्रीनगरहून कन्याकुमारीस जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ नागपूरच्या परिसरात तापलेल्या तव्यासारखा झालेला असतो. पारा कधीकधी ४५ अंशांच्याही वर चढतो. अशा वेळी निंबाच्या विरळ सावलीत एखादी मालमोटार उभी दिसते. तिच्या केबिनमध्ये चालक झोपेची आराधना करीत पडलेला असतो. छपराचा पत्रा तापलेला, समोरच्या रुंद काचेतून ऊन आत येणारे, आणि पायांखालचे इंजिन अजून निवालेले नाही. आपल्या घरातील गहू, कांदा, औषधे, मुलांची पुस्तके अशाच कोणाच्या तरी जागरणातून आपल्यापर्यंत पोहोचतात. वाचकहो, आपल्यापैकी कित्येकांचे वडील, भाऊ वा मुलगे याच मार्गावर असतील. त्यांची झोप हा केवळ त्यांच्या सुखाचा प्रश्न नाही. निद्रेला मुकलेला चालक स्वतःस आणि इतरांसही धोक्यात घालतो.

या कष्टांची दखल शासनाने घेतली आहे. डिसेंबर २०२३ मधील अधिसूचनेनुसार, १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या, साडेतीन टनांहून अधिक एकूण वजनाच्या मालमोटारींच्या केबिनमध्ये वातानुकूलन बंधनकारक झाले आहे. परंतु त्यापूर्वीच्या असंख्य गाड्या रस्त्यावर आहेतच. मग कोणाच्याही मनात सहज येते की, घरात वापरावयाचे फिरते वातानुकूलन यंत्र केबिनमध्ये ठेवावे आणि लहानशा पेट्रोल-जनित्रावर ते चालवावे. ही कल्पना अशक्य नाही. मात्र तिच्यामागील हिशेब समजून घेतला पाहिजे.

वातानुकूलन यंत्र थंडी निर्माण करीत नाही. ते आतील उष्णता उचलून बाहेर टाकते. एक टनाचे यंत्र म्हणजे एक टन वजनाचे यंत्र नव्हे. चोवीस तासांत एक अमेरिकी टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो, बर्फ वितळविण्यास जेवढी उष्णता लागते, तेवढी उष्णता तेवढ्याच वेळात बाहेर काढणारे ते यंत्र होय. वीजेच्या भाषेत ही उष्णता सुमारे साडेतीन किलोवॅट भरते. तेवढ्यासाठी फिरते यंत्र साधारणतः १,२०० वॅट वीज घेते.

ही वीज गाडीच्या बॅटरीतून घ्यावी म्हटले, तर २४ व्होल्टवर ५० अँपिअरचा प्रवाह लागतो. दीडशे अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या, तरी त्या तीन तासही पुरणार नाहीत, आणि पहाटे इंजिन चालू करण्यास त्यांत शक्ती उरणार नाही. म्हणून जनित्राचा विचार येतो. परंतु यंत्रातील कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढतो. सतत जेमतेम १,६०० वॅट देणारे जनित्र त्या क्षणी दम टाकते. अडीच-तीन किलोवॅटचे जनित्र हा भार सोसू शकते. तथापि तासाला सुमारे एक लिटर पेट्रोल जळते. रात्रभराचा खर्च यावरून आपणच ताडावा.

खर्चापेक्षाही गंभीर गोष्ट पुढेच आहे. बहुतेक फिरत्या यंत्रांना एकच जाड नळी असते. ते केबिनमधील हवा ओढते, तिला उष्णता देते आणि नळीवाटे बाहेर फेकते. केबिन एवढी लहान की, तिच्यातील सारी हवा काही मिनिटांतच बाहेर जाईल. तिची जागा रिकामी राहत नाही. दाराच्या फटींतून, खिडकीच्या कडांतून, तळाच्या छिद्रांतून बाहेरची हवा आत शिरतेच. त्या फटींजवळ जनित्र धडधडत असेल, तर झोपलेल्या माणसाच्या उशाशी धूरच ओढला जाईल.

त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोके दुखणे, चक्कर, मळमळ, गुंगी ही त्याची लक्षणे. पण झोपलेल्याला ती कळत नाहीत. गाढ निद्रा आणि अखेरची गुंगी यांतील सीमारेषा त्याला उमगतच नाही.

म्हणून काही नियम कटाक्षाने पाळावेत. जनित्र केबिनमध्ये, मालाच्या हौद्यात किंवा गाडीखाली कधीही ठेवू नये. ते निदान वीस फूट दूर, वारा केबिनकडून जनित्राकडे वाहील अशा बाजूस ठेवावे आणि धुराड्याचे तोंड गाडीकडे करू नये. शेजारच्या गाडीत झोपलेल्याचाही विचार करावा. दोन नळ्यांचे यंत्र मिळाल्यास ते अधिक बरे, कारण ते उष्णता टाकण्यासाठी बाहेरचीच हवा वापरते. कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारी बॅटरीवरील घंटा केबिनमध्ये अवश्य असावी. पेट्रोल भरण्यापूर्वी जनित्र बंद करून निवू द्यावे. डोके जड वाटताच मोकळ्या हवेत यावे, मगच जनित्र बंद करावे आणि ११२ क्रमांकावर मदत मागावी.

जनित्राविनाही बरेच काही साधते. समोरच्या काचेवर चकाकणारा पडदा आणि छपरावर पांढरा रंग यांनी ऊन बाहेरच थोपते. विदर्भ-राजस्थानच्या कोरड्या हवेत ओला वाळा व लहान पंखा यांचा चांगला उपयोग होतो. कोकणच्या दमट हवेत मात्र तो होत नाही. महामार्गांवरील काही पेट्रोल पंपांवर ‘अपना घर’ या नावाने चालकांसाठी विश्रांतीची सोय झाली आहे. तेथे निवांत घेतलेली झोप अधिक सुरक्षित होय.

आपला माणूस दूर कोठेतरी गाडी उभी करून रात्री घरी फोन करतो, तेव्हा “जेवण झाले का?” असे आपण विचारताच. त्याने जनित्र सोबत नेले असेल, तर आणखी एक प्रश्न विचारीत जा : “जनित्र कोठे ठेवले आहे?”