किल्ला राहिला, तळे गेले तर?

हदगाव : ऐतिहासिक वारसा म्हटला की बुरूज, शिखरे आणि लेण्यांतील मूर्ती डोळ्यांपुढे येतात. मात्र ती वास्तू ज्या भूमीवर उभी राहिली आणि ज्या पाण्यावर जगली, तो परिसर सहसा नजरेआड राहतो. पैनगंगेकाठच्या हदगावपासून तेलंगणच्या सीमेवरील देगलूरपर्यंत नांदेड जिल्ह्यात जुनी मंदिरे, बारवा आणि गढ्या विखुरलेल्या आहेत. त्यांच्या जतनाचा विचार करताना कंधारचे उदाहरण बोलके ठरते.

कंधारचा भुईकोट राष्ट्रकूटकालीन मानला जातो. 'लट्टलूर', म्हणजे आजचे लातूर, हे आपले मूळ स्थान असल्याचे हे राजघराणे अभिमानाने सांगत असे. 'जगत्तुंग' हे त्या राजांचे बिरुद. कंधारलगतच्या जलाशयालाही 'जगत्तुंग सागर' असेच नाव आहे. पुढे बहमनी आणि निजामशाही अमल येथे झाला. १६३१ मध्ये मोगलांनी किल्ला घेतला. सत्ता बदलल्या, तरी वस्ती टिकली ती पाण्याच्या आधाराने. सपाट भूमीवरील किल्ल्याला डोंगराचे संरक्षण नसते. पाण्याने भरलेला खंदक हेच त्याचे कवच. त्यामुळे तट, खंदक, तळे आणि तळ्याकडे पाणी आणणारा उतार हे सारे एकाच रचनेचे भाग ठरतात.

जागतिक पातळीवर हा विचार १९९२ मध्ये स्वीकारला गेला. युनेस्कोने त्या वर्षी 'सांस्कृतिक भूदृश्य' ही स्वतंत्र कोटी मान्य केली. माणसाने आखलेले, काळाच्या ओघात घडत गेलेले आणि श्रद्धेशी जोडलेले असे त्याचे तीन प्रकार आहेत. रेणुकामातेचे व दत्तात्रेयाचे स्थान असलेला माहूरचा डोंगर, तेथील किल्ला आणि वनराई तिसऱ्या प्रकाराच्या जवळ जाते. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्रातील ११ आणि तमिळनाडूतील जिंजी अशा १२ किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला, तोही 'मराठा लष्करी भूदृश्ये' या नावाने.

कायद्याची दृष्टी मात्र अजून वास्तूभोवतीच फिरते. राष्ट्रीय संरक्षित स्मारकांभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई आहे आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत नियमन आहे. राज्याचा स्वतंत्र कायदा १९६० चा आहे. पण तळ्याला मिळणारे ओढे या मोजपट्टीत मावत नाहीत. ते अडले वा बुजले, की स्मारक शाबूत राहूनही त्याचा अर्थ हरवतो.

हा केवळ इतिहासप्रेमींचा प्रश्न नाही. २०१६ च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा प्रदेशात जुना जलाशय म्हणजे आसपासच्या विहिरींचा आधार. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेने गाळ उपसून शेतात नेण्याची वाट दाखवली; मात्र ऐतिहासिक तळ्यात सरसकट यंत्रे उतरवणे धोक्याचे. जुने दगडी काठ उखडू शकतात, गाळाखालील शिल्पे वा अवशेष कायमचे नष्ट होऊ शकतात. म्हणून आधी परिसराची मोजणी व नकाशा, मग पुरातत्त्व तज्ज्ञांच्या देखरेखीखाली उपसा, आणि त्या गाळावर परिसरातील शेतकऱ्यांचा पहिला हक्क, हा क्रम आवश्यक आहे.

ज्याच्या शेताला गाळ आणि विहिरीला पाणी मिळते, तोच तळ्यावर अतिक्रमण होऊ देत नाही. कुंपण आणि फलक यांपेक्षा हा पहारा अधिक काळ टिकणारा असतो.