मेनूमधल्या प्रत्येक शब्दाशेजारी चित्र हवं का?

संगणकावर फाइल, एडिट अशा शब्दांवर क्लिक केलं की खाली एक यादी उघडते. तिला मेनू म्हणतात. काही प्रोग्रॅममध्ये या यादीतल्या शब्दांशेजारी छोटी चित्रं, म्हणजे आयकॉन असतात. काहींमध्ये नुसते शब्द असतात. यातलं चांगलं काय? आज आपण तेच समजून घेऊ.

सुरुवात आमच्या वर्गातल्या एका प्रसंगाने करतो. सातवीतली एक मुलगी निबंध टाइप करत होती. चुकून एक परिच्छेद पुसला गेला. 'अनडू' केलं असतं तर तो लगेच परत आला असता. पण यादीत अनडू आणि रिडू असे दोन वाकडे बाण होते, एक डावीकडे वळलेला, दुसरा उजवीकडे. ती म्हणाली, "सर, दोन्ही बाण सारखेच दिसते जी, कोणता दाबू?" मी तिच्यापर्यंत पोहोचेपर्यंत तिने रिडू दाबून पाहिलं. काहीच झालं नाही. घाबरून तिने फाइलच बंद केली आणि 'सेव्ह करायचं का?' याला 'नाही' म्हटलं. अर्ध्या तासाची मेहनत गेली. बाणाशेजारी शब्द लिहिलेला होता, पण तिची नजर चित्रावरच अडकली होती.

चित्र कुठे उपयोगी पडतं?

चित्र वाईट नसतं. 1951-52 ची आपली पहिली सार्वत्रिक निवडणूक आठवा. 1951 च्या जनगणनेनुसार देशात साक्षरता सुमारे 18 टक्के होती. म्हणून प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी ठेवली आणि तिच्यावर त्याचं चिन्ह लावलं. ज्यांना नाव वाचता येत नव्हतं, त्यांनीही मत दिलं. आजही मतदान यंत्रावर नावाशेजारी चिन्ह असतंच.

पण तिथे एक अट आहे. प्रत्येक चिन्ह दुसऱ्यापेक्षा स्पष्ट वेगळं हवं. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत 'तुतारी वाजवणारा माणूस' हे एका पक्षाचं चिन्ह होतं आणि काही अपक्षांना मिळालेल्या ट्रम्पेटचं मराठी नावही 'तुतारी' असं दिलं होतं. त्यामुळे मतदारांचा गोंधळ झाला, अशी तक्रार त्या पक्षाने निवडणूक आयोगाकडे केली. म्हणजे चित्र जवळपास सारखं असलं की मदत होण्याऐवजी घोळच होतो.

मेनूमध्ये अडचण कुठे येते?

1) काही कामांचं चित्र सहज काढता येतं. कटसाठी कात्री, प्रिंटसाठी प्रिंटर. पण 'सिलेक्ट ऑल'चं चित्र काय काढणार? मग ओढूनताणून काहीतरी काढलं जातं.

2) जुनी चित्रं नव्या मुलांना कळत नाहीत. सेव्हचं चित्र फ्लॉपीचं आहे. तुमच्यापैकी किती जणांनी फ्लॉपी पाहिली आहे?

3) सगळ्यांनाच चित्र दिलं की कोणतंच उठून दिसत नाही. पुस्तकातली प्रत्येक ओळ पिवळ्या मार्करने रंगवली, तर महत्त्वाची ओळ कोणती हे कसं कळणार?

संगणक बनवणाऱ्यांचंही यावर एकमत नाही. मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस 97 मध्ये मेनूतल्या अनेक शब्दांशेजारी टूलबारवरचंच चित्र असे. त्यामुळे मेनू वापरता वापरता टूलबारची बटणंही ओळखीची होत. 2009 मध्ये लिनक्सवरच्या गनोमने मेनूतले बहुतेक आयकॉन आपणहून दिसणं बंद केलं. उलट ॲपलने 2025 च्या मॅकओएस टाहोमध्ये बऱ्याच शब्दांशेजारी आयकॉन आणले.

आपल्या मुलांचं काय?

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कितीतरी मुलं घरी कोलामी, गोंडी किंवा बंजारा बोली बोलतात. त्यांना शाळेतली मराठीच नवी, त्यात मेनू इंग्रजीत. अशा मुलाला कात्रीचं चित्र खरोखर हात देतं. म्हणून सगळी चित्रं काढून टाका, असं मी म्हणणार नाही. पण चित्र शब्दापर्यंत नेणारं हवं, शब्दाची जागा घेणारं नको. आज या संगणकावर ओळखलेला बाण उद्या सेतू केंद्रातल्या संगणकावर वेगळा दिसेल. 'अनडू' हा शब्द वाचता आला, तर मूल कुठेही अडणार नाही.

माझं मत असं: ज्या कामाचं चित्र पाहताक्षणी कळतं आणि जे काम वारंवार लागतं, त्यालाच चित्र द्यावं. बाकी ठिकाणी स्वच्छ शब्द पुरे.

करून पाहा

लिबरऑफिस रायटरच्या सेटिंगमध्ये मेनूतले आयकॉन दाखवायचे की लपवायचे, हे ठरवता येतं. आधी आयकॉन दाखवून एडिट मेनूतली पाच कामं शोधा, मग लपवून शोधा. कोणतं काम चित्रामुळे लवकर सापडलं आणि कुठे चित्रामुळे चुकलं, ते वहीत लिहा. आणि हो, काही पुसलं गेलं तर घाबरू नका. कंट्रोल आणि झेड एकत्र दाबा. फाइल बंद करू नका!