सुगंधाचा धनी कोण?

वेल्ह्याच्या खाचरांतील आंबेमोहोराचा सुवास पुण्याच्या स्वयंपाकघरांस पिढ्यान् पिढ्या परिचित आहे. परंतु त्याच नावाने भलताच तांदूळ खपतो आणि नावाचे मोल भलत्याच गल्ल्यात पडते. अमेरिकेने १९९५ मध्ये दिलेले हळदीचे पेटंट डॉ. माशेलकरांच्या नेतृत्वाखालील संशोधन परिषदेने आव्हान देऊन १९९७ साली रद्द करविले. तो विजय लेखी पुराव्याचा होता, नुसत्या अभिमानाचा नव्हे. शेजारच्या मुळशीकरांनी १९९९ च्या कायद्याखाली आंबेमोहोरास भौगोलिक मानांकन मिळविले, हे योग्यच झाले. पण नोंदणीचा कागद म्हणजे पदरात पडलेला भाव नव्हे! तपासणी, संघटित विक्री आणि सावध ग्राहक यांवाचून तो दप्तरातच राहील. तांदूळ कोठला, हे दुकानदारास विचारणे आम्ही पुणेकरांचे कर्तव्य समजतो.