जिथे तेल चालत नाही

सायकल कुरकुरली, शिलाई मशीन अडखळलं, कडी घट्ट झाली, की आपला हात तेलाच्या बुधलीकडे जातो. जुन्या कॅमेऱ्याच्या शटरला नेमका हाच उपाय बाधतो. तिथे तेल कमी पडलेलं नसतं. नको तिथे पोचलेलं असतं.

भिंगांच्या मधोमध बसणाऱ्या या शटरमध्ये बहुधा पाच अतिशय पातळ पाती असतात. म्युनिकच्या फ्रीडरिश डेकेल कंपनीने १९१२ मध्ये 'काँपूर' शटर आणलं. आधीच्या 'काँपाउंड'मध्ये हळू वेग सांभाळायला हवेचं नळकांडं होतं. काँपूरमध्ये ते काम घड्याळासारख्या दातेरी चाकांकडे आलं. १९२९ च्या रोलीफ्लेक्समध्ये हेच शटर होतं. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या छायाचित्रकार होमाई व्यारावाला यांनी वापरलेल्या कॅमेऱ्यांतही रोलीफ्लेक्स होता.

बिघाड सुरू होतो तो फोकसच्या आट्यांमधल्या ग्रीसपासून. उष्णतेने त्यातलं तेल सुटतं आणि हळूहळू पात्यांवर पसरतं. ओल्या काचा एकमेकींना चिकटाव्यात तशी पाती चिकटतात. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसला उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याखालच्या ट्रंकेत वर्षानुवर्षं पडलेला कॅमेरा म्हणजे या बिघाडाला आमंत्रणच. चाकांवरचं जुनं तेल मात्र उलट वागतं. ते वाळून चिकट होतं आणि १ सेकंदाचं शटर मध्येच थबकतं. आग्फाच्या आयसोलेट कॅमेऱ्यांत फोकसचं हिरवं ग्रीस इतकं घट्ट होतं, की पुढचं भिंगच फिरत नाही.

दुरुस्तीत सर्वांत जास्त वेळ जातो तो पुसण्यात.

आधी पुढची भिंगं काढतात. प्रत्येक थराचा फोटो घेऊन ठेवावा, कारण छोटे स्क्रू आणि स्प्रिंगा कुठून निघाल्या हे नंतर आठवत नाही. मग लायटरमध्ये भरतात ते पेट्रोल कापसाच्या काडीवर घेऊन पाती पुसायची, शटर चालवायचं, पुन्हा पुसायचं. एका फेरीत तेल निघत नाही, नुसतं पसरतं. पहिल्यांदा झकास चाललेलं शटर वाळल्यावर पुन्हा अडतं ते यामुळेच. खोली हवेशीर हवी, जवळ ज्योत नको. पाती शेवटी कोरडीच ठेवायची. घड्याळाच्या तेलाचा अगदी सूक्ष्म थेंब द्यायचाच, तर तो चाकांच्या आसांना.

जोर लावणंही महागात पडतं. काँपूरच्याच 'काँपूर-रॅपिड' प्रकारात १/५०० सेकंदासाठी जादा स्प्रिंग कामाला लागते, म्हणून हा आकडा शटर ताणण्याआधीच लावायचा. जुन्या सेल्फ-टायमरला तर हात लावू नये. तो अडकला की सगळं शटर अडकतं.

शटर खरंच सुधारलं का, हे मोबाइल सांगतो. सेकंदाला २४० चित्रं टिपणाऱ्या स्लो-मोशनमध्ये १ सेकंदाचं शटर साधारण २४० चित्रांत उघडं दिसायला हवं, १/३० चं आठ चित्रांत. १/५०० या रीतीने मोजता येत नाही, त्याला प्रकाश टिपणारा सेन्सर लागतो. वेग निम्मा भरला तर फिल्मवर दुप्पट प्रकाश पडतो. रंगीत निगेटिव्ह तेवढं सहज पचवते. स्लाइड फिल्मवर मात्र पांढरे कपडे आणि आभाळ फटफटीत उमटतं.