जेलीफिश आले म्हणून मासा गेला?

पावसाळ्यानंतर समुद्र निवळतो, रापणी (किनाऱ्यावरून ओढायची जाळी) सुरू होतात आणि मालवणच्या किनाऱ्यावर तक्रार ऐकू येते: जाळ्यात बांगड्याऐवजी झार, म्हणजे जेलीफिश. जाळं जड होतं, कधी फाटतं, सोडवताना हातांची आग होते. हे नुकसान खरंच आहे. त्यावरून निघणारे निष्कर्ष मात्र सगळेच खरे नाहीत.

गैरसमज: झार मासळी पळवून लावतात.
जेलीफिशला प्रवाहाविरुद्ध फारसं पोहताच येत नाही. वारा आणि प्रवाह त्यांना एका जागी आणून सोडतात, म्हणून किनाऱ्याशी गर्दी दिसली तरी समुद्रातली एकूण संख्या वाढलीच असेल असं नाही. ते प्लवंग, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, खातात, माशांची अंडी आणि पिल्लंही खातात. तारलीचं अन्नही प्लवंगच. म्हणजे स्पर्धा आहेच. पण काही माशांची पिल्लं याच जेलीफिशच्या छत्रीखाली, शिकाऱ्यांपासून लपून वाढतात.

गैरसमज: हे पाण्याचे गोळे कुणी खात नाही.
शरीरात सुमारे 95 टक्के पाणी, हे खरं. पण सरंग्याला जेलीफिश चालतात. सरंगा साफ करताना कल्ल्यांच्या मागे, घशाशी नीट पाहा: तिथे पिशवीसारखा भाग असतो आणि आतून तो बारीक दातांमुळे खरखरीत लागतो. जेलीफिशसारखं मऊ, बुळबुळीत भक्ष्य तिथे चुरडलं जातं. आपण ज्याला सर्वांत जास्त भाव देतो, त्या माशाच्या खाण्यात हेही असतं! वायंगणी, तांबळडेगला अंडी घालायला येणारी ऑलिव्ह रिडले कासवंही खेकडे-कोळंबीबरोबर जेलीफिश खातात. पाण्यात तरंगणारी प्लास्टिकची पिशवी समुद्री कासवं गिळतात, ती बहुधा याच घोटाळ्यामुळे.

म्हणून मला उलटा प्रश्न महत्त्वाचा वाटतो: मासा गेला म्हणून जेलीफिश वाढले का? आफ्रिकेतल्या नामिबियाच्या समुद्रात तारलीच्या जातभाईंची बेसुमार मासेमारी झाली. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथे जेलीफिशचं वजन अंदाजे 122 लाख टन आणि माशांचं 36 लाख टन निघालं. मासे कमी झाले की प्लवंग उरतं आणि ते जेलीफिशच्या वाट्याला येतं. आपल्याकडे पर्ससीन जाळ्यांच्या आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर वाद होतो, तेव्हा हा मुद्दाही बोलला जायला हवा.

गैरसमज: कापून टाकले की संपले.
तरंगताना दिसतो तो बहुतेक जातींच्या आयुष्याचा एकच टप्पा. दुसऱ्या टप्प्यात ते खडकाला, शिंपल्याला किंवा जेट्टीच्या खांबाला इवल्याशा देठासारखे चिकटून राहतात आणि परिस्थिती जुळली की एकेका देठापासून अनेक नवे जेलीफिश सुटतात.