कानावाटे की कवटीवाटे?

मेंदूच्या गाभ्यात, थॅलॅमसला लागूनच, हरभऱ्याएवढा एक पुंजका आहे. डोळ्यांनी टिपलेलं बहुतेक सगळं याच्यामार्गे डोक्याच्या मागच्या बाजूच्या दृष्टिकेंद्रात पोहोचतं. इथे ढवळाढवळ करायची तर एरवी कवटीला भोक पाडून तार आत सोडावी लागते. लंडन आणि ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ती वेळ येऊ दिली नाही. २०२५मध्ये त्यांनी ७ जणांवर केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. एमआरआय यंत्रात झोपलेल्या माणसाच्या डोक्याला २५६ ध्वनिस्रोतांचं शिरस्त्राण लावून त्यांनी या पुंजक्यावर अल्ट्रासाउंड रोखला. एका विशिष्ट तालात लहरी सोडल्यावर दृष्टिकेंद्राची हालचाल निदान ४० मिनिटं मंदावलेली राहिली.

यात खरी कसोटी नेमाची आहे. सोनोग्राफीतल्या लहरी सेकंदाला वीस लाखांहून अधिक वेळा कंप पावतात, पण कवटीचं हाड त्यांना गिळून टाकतं. म्हणून इथे कंपनं पाच लाखांच्या आसपास ठेवतात. हाड सगळीकडे सारख्या जाडीचं नसतं, त्यामुळे लहरी वाकड्यातिकड्या होतात. ते जमेस धरून प्रत्येक स्रोताची वेळ किंचित पुढेमागे केली, की सगळ्या लहरी एकाच ठिकाणी एकदम पोहोचतात आणि जोर तिथेच एकवटतो.

हाच पुंजका १९५८मध्ये इलिनॉय विद्यापीठात विल्यम फ्राय यांनी मांजरात निवडला होता. तेव्हा मात्र कवटी उघडावी लागली होती. पुढे २०१०मध्ये अ‍ॅरिझोनात जेमी टायलर यांच्या गटाने कवटी शाबूत ठेवून उंदरांचे स्नायू हलवून दाखवले आणि या क्षेत्राला उधाण आलं.

२०१८मध्ये मात्र माशी शिंकली. अल्ट्रासाउंड आपल्याला ऐकू येत नाही, पण तो झटक्यात सुरू-बंद केला की कवटी थरथरते आणि ती थरथर अंतर्कर्णापर्यंत जाते. मिनेसोटात गिनीपिगांच्या श्रवणनसा कापल्यावर मेंदूतला प्रतिसादच नाहीसा झाला. म्हणजे लहरींनी चेतापेशी चेतवल्या, की जनावर नुसतं दचकलं? पुढच्याच वर्षी स्टॅनफर्डच्या गटाने जन्मतः बहिऱ्या उंदरांवर प्रयोग केला, तर त्यांचेही स्नायू हलले. लहरींचा झटका सौम्य केल्यावर ऐकू येणाऱ्या उंदरांच्या श्रवणयंत्रणेतला प्रतिसाद गेला, स्नायूंची हालचाल टिकली. २०२२मध्ये कॅलटेकच्या संशोधकांनी कारणाचा माग काढला: ध्वनीच्या यांत्रिक दाबाने चेतापेशींच्या आवरणातले काही मार्ग उघडतात आणि कॅल्शियम आत शिरतं.

हातांच्या कंपावर अमेरिकेत २०१६पासून मान्यता असलेला अल्ट्रासाउंड उपचार वेगळा. त्यात ऊती तापवून कायमची नष्ट केली जाते. इथे लहरी सौम्य असतात आणि परिणाम ओसरतो. म्हणूनच नैराश्य आणि जुनाट वेदनेवर त्यांच्या चाचण्या चालू आहेत. त्यांपैकी एखाद्या यशाची बातमी आली, तर एक प्रश्न आधी विचारावा: ज्यांना खोटा उपचार दिला, त्यांच्याही कानांवर तोच आवाज पडत होता ना?